अकराव्या पानावरचं कुंकू

वाचनालयाच्या भिंतीवर काकांनी पाटी लावली होती, ‘पुस्तकांवर कसलीही खूण करू नये.’ बायका ती पाटी वाचायच्या, मान डोलवायच्या आणि घरी गेल्यावर पहिली खूण करायच्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. आठवड्याला दोन पुस्तकं फस्त करणाऱ्या बाईनं कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं हे ध्यानात ठेवायचं कसं? त्यातून आमची सगळी पुस्तकं एकाच तपकिरी कागदात बांधलेली. कादंबरी, पाकशास्त्र आणि संतचरित्र बाहेरून अगदी सारखं दिसायचं. मग जिची तिची खूण ठरलेली असे. वकिलीणबाई आपल्या वयाच्या पानावर पेन्सिलीनं फुली करत, आणि ते पान बरीच वर्षं बदललं नाही. मास्तरांच्या सासूबाई कोपऱ्याला हळदीचं बोट लावत. खुणेचा अर्थ एकच, हे माझं वाचून झालं, पुन्हा आणू नका. घरोघर पुस्तकं पोचवणारी मीच असल्यामुळं ह्या खुणा माझ्यासाठीच असायच्या, आणि मला त्या सगळ्या पाठ होत्या.

वाचनालय नवी पेठेत होतं, दोन खोल्यांचं. मालकांना सगळं गाव काका म्हणे. माझे वडील मिलमध्ये सूतखात्यात होते आणि काका त्यांचे जुने स्नेही. बायका वाचनालयात यायला लाजतात, आणि दुपारच्या वेळी परका पुरुष पुस्तक घेऊन घरात आलेला कुणाला चालत नाही, तेव्हा तुमची मुलगी द्या, असं काकांनी वडिलांना सांगितलं. माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. चार-दोन स्थळं आली, मी तोंड वाकडं केलं, शेवटी घरच्यांनी हात टेकले. अशा रीतीनं माझं नशीब उघडलं. खांद्यांना दोन कापडी पिशव्या, डोक्यावर पदर आणि वर सोलापूरचं ऊन. मिलचा दुपारचा भोंगा झाला की मी निघायची आणि संध्याकाळच्या भोंग्याला परत यायची.

मी नुसती पुस्तकं वाहत नव्हते, सुचवतही होते, आणि ह्या गोष्टीचा मला भारी तोरा होता. एक म्हणायची, रडू येईल असं द्या. दुसरी म्हणायची, रडायला घरात पुष्कळ आहे, हसायचं काहीतरी द्या. कुणाला सासूचं वाटोळं झालेलं हवं असे, कुणाला राजाराणी. कुणाच्या पदरात काय टाकायचं हे कळावं म्हणून मी वाचनालयातलं झाडून सगळं वाचलं होतं. निदान मी तसं सांगायची. खरं म्हणजे मी त्यात स्वतःला शोधत होते.

माझं मन बायकांकडं ओढ घेतं हे मला परकर-पोलक्याच्या वयापासून माहीत होतं. त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. आमच्याकडं त्याला शिवीखेरीज शब्द नव्हता, आणि ती शिवीही पुरुषांसाठी राखून ठेवलेली. बाईला तेवढंही नाही. मग मी पुस्तकांत बघायला लागले, की एवढी हजारो माणसं ह्या कपाटांत राहतात, त्यांत माझ्यासारखी एखादी असेल की नाही.

होती. थोडी होती, पण होती. आता एखादी कॉलेजातली पोर मला विचारते, तुमच्या काळी अशी पुस्तकं कुठं होती, तेव्हा मला हसू येतं. अगं, शोधणारी पाहिजे. एक कादंबरी बंगालीतून मराठीत आणलेली होती, डोंगरावरच्या मुलींच्या शाळेची. त्यातली धाकटी थोरलीवर इतका जीव टाकते की तिच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी पिते. लेखकानं हे सगळं जिवापाड लिहिलंय आणि शेवटाला दोन पानं उरलेली असताना धाकटीला ताप आणून मारून टाकलंय. दुसऱ्या एकीत श्रीमंत घरातले ब्रह्मचारी काका आणि त्यांचे गवई मित्र. त्या गवयाची मधेच काशीला रवानगी होते आणि काका गच्चीवर फेऱ्या मारत राहतात. लेखक मंडळींना अशी माणसं दिसत होती, फक्त ती सुखानं जगलेली त्यांना बघवत नसावीत. मला ह्या शेवटांचा भयंकर राग यायचा. म्हणून नवं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटचं पान काढायची. कोण मेलं ते बघून घ्यायची आणि मग पहिल्यापासून वाचायला बसायची.

अशी पुस्तकं सुचवायची कशी हा मोठाच प्रश्न होता. आत काय आहे ते सांगायची सोय नाही. मी फक्त एवढंच म्हणायची, ‘बघा, जरा वेगळी आहे.’ बहुतेकांना त्यातलं वेगळं काही दिसायचंच नाही. पण एकदा लागू पडलं. दवाखान्यात एक कंपाउंडर होता, मुसलमान, मराठी झरझर वाचणारा. तो स्वतः वाचनालयात येई आणि लढायांच्या कादंबऱ्या नेई. त्याच्या बोलण्यात बायकोपोरांचा विषय कधी नसे, एका तालमीतल्या दोस्ताचाच असे. त्याला मी एका किल्ल्याची कादंबरी दिली. तिच्यात दोन शिपाई एका बुरुजावर पहारा करत बसतात आणि मधल्या तीसेक पानांत लेखक लढाई पार विसरून जातो. आठ दिवसांनी कंपाउंडर आला, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि काका ऐकत नाहीत असं बघून म्हणाला, ‘आपा, इसमें जंग किधर है?’ माझा चेहरा पडला. तेव्हा तो हसला आणि खाली बघून म्हणाला, ‘ऐसीच और है क्या?’

तेवढ्यानं मला हत्तीचं बळ आलं. म्हणजे आपण दिलेलं पोचतं. योग्य माणसाच्या हातात पडलं तर पुस्तकच बोलतं, आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. ह्याच भरवशावर मी पुढचा सगळा घोटाळा करून ठेवला.

ती रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची, अकरा नंबरला. नवरा मालगाडीवर गार्ड. दोरीवर लाल-हिरवी निशाणं धुऊन वाळत घातलेली दिसली की समजायचं, साहेब घरी आहेत. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायला लागल्या म्हणून पेपरवाले फार खूश होते. आमच्या मंगळवारच्या फेरीपुरती मीही खूश होते, कारण दोरी बहुतेक मोकळीच असायची. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी बोलणारं. मूलबाळ नव्हतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी असेल. मला ती अक्का म्हणायची आणि मी तिला वहिनी, कारण गार्डाच्या बायकोला दुसरं काय म्हणणार? ह्या दोन नात्यांच्या मधे आम्ही दोघी दर मंगळवारी बसायचो.

पहिल्याच दिवशी तिनं मला उंबऱ्यावर थांबवलं. ‘आधी पायावर पाणी घ्या की. लई भाजलं असतील.’ मी तांब्यासाठी हात पुढं केला तर तिनं तो दिलाच नाही. स्वतः वाकून माझ्या पायांवर पाणी ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. मी इतक्या घरी जायची, पाणी पुष्कळ जणी प्यायला देत, पायावर कुणी ओतलं नव्हतं. त्यानंतर दर मंगळवारी तिनं ते केलं, थंडीतसुद्धा. थंडीत कोमट करून ठेवायची.

मग आत फरशीवर शेंगांचं सूप घेऊन बसायचं. ती शेंगा फोडायची, मीही फोडायची, आणि बोलणं पुस्तकांचं. कादंबरीतल्या माणसांविषयी ती शेजारच्या क्वार्टरमधली असल्यासारखी बोलायची. ‘ती नायिका लई शहाणी हाय हो. नवऱ्याला सोडली, पर त्या मैत्रिणीला एक चिठ्ठी न्हाय टाकली. असं कुटं असतंय?’ ज्या बाईच्या डोक्यात नायकाऐवजी मैत्रिणीचं काय झालं हा प्रश्न येतो, त्या बाईकडं मी बघतच राहायची. बोलता बोलता ती सोललेले दाणे माझ्या तळव्यावर ठेवायची, आणि मी ‘पुरे’ म्हटलं की म्हणायची, ‘साकु म्हणा, साकु. आमच्यात पुरेला साकु म्हणतात.’ मला कधीच साकु म्हणावंसं वाटलं नाही. माझं तिच्यावर प्रेम बसलं होतं. त्याला फिरवून सांगण्यात आता काही अर्थ नाही. मंगळवार सोडून बाकीचे सगळे वार मी मंगळवारची वाट बघण्यात घालवत होते.

तिची खूण कुंकवाची होती. अकरा नंबरचं क्वार्टर म्हणून अकरावं पान, आणि तिथं आकड्याच्या बाजूला करंगळीनं टेकवलेला बारीक ठिपका. पुस्तक परत आलं की गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाखाली थांबून मी ते पान उघडायची. कामाचा भाग म्हणून नव्हे. तिचं बोट तिथं टेकलं होतं म्हणून.

माझ्याजवळ एक कादंबरी होती जी मी कुणालाच देत नव्हते, कंपाउंडरलाही दिली नव्हती. तालुक्याच्या गावी एका शाळेतल्या दोन मास्तरीणबाई एकाच खोलीत राहतात, त्यांची गोष्ट. एक स्टोव्ह, एक छत्री, एक कंदील. गाव कुजबुजतं, शाळातपासनीस येतो, एकीची आई येऊन रडारड करते. लेखकानं कुठंही स्पष्ट शब्द वापरलेला नाही, पण एकीचे केस दुसरी विंचरते ते पान वाचून ज्याला कळलं नाही त्यानं वाचनाचा नाद सोडावा. आणि शेवट? कुणी मरत नाही. कुणाचं लग्न होत नाही. शेवटच्या पानावर दोघी गच्चीवर पापड वाळत घालतात आणि कावळे हाकलत बसतात, संपलं. मी ते पान कितीदा वाचलं असेल. मला जगात दुसरं काही नको होतं, एक गच्ची आणि पापड हवे होते.

ही कादंबरी तिला द्यायची की नाही ह्यावर मी एक अख्खा हिवाळा घालवला. ती पिशवीच्या तळाला असायची, जायची आणि तशीच परत यायची. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा झाली, उन्हं चढायला लागली. एका मंगळवारी पायावर पाणी घालून ती सरळ उभी राहिली, कपाळावरची बट मनगटानं मागं सारली, आणि माझ्या हातानं मला न विचारता ते पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. ‘वहिनी, ही बघा. जरा वेगळी आहे.’

‘वेगळी म्हंजे?’

‘वाचा की. मग सांगा.’

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. आई म्हणाली, हिला उन्हाळी लागली. पुढच्या मंगळवारी मी गेले तर दोरीवर लाल-हिरवी निशाणं. साहेब आत कॉटवर झोपले होते. तिनं पायावर पाणी घातलं, पण आत बस म्हणाली नाही. पुस्तक परत दिलं. ‘दुसरं काय आणलंय, अक्का?’ तेवढंच. माझ्याकडं नीट बघितलंही नाही.

मी लिंबाखाली आले आणि अकरावं पान उघडलं. कोरं होतं.

दहावं बघितलं, बारावं बघितलं. मागून पुढं सगळं पुस्तक चाळलं. कुठंही ठिपका नव्हता. तिनं आजवर एकही पुस्तक बिनखुणेचं परत केलं नव्हतं, न आवडलेलंही नाही. मग मला जे वाटायचं तेच वाटलं. तिनं चार पानं वाचली, काय आहे ते ओळखलं आणि मिटून ठेवलं. कपाळाचं कुंकू असल्या पुस्तकाला कशाला लावेल ती? कंपाउंडरचं हसू आठवलं आणि स्वतःचाच राग आला. एका ठिकाणी फासे बरोबर पडले म्हणून मी शहाणी समजत होते स्वतःला.

त्यानंतर मी तिच्याकडं बसणं बंद केलं. ‘घाई आहे, वहिनी. आज घरं जास्त आहेत.’ ती सूप घेऊन उभी असायची, मी उंबऱ्यातूनच पुस्तकं द्यायची. सासवासुनांची, राजाराणीची, जी वाचून कुणाचं काही बिघडत नाही अशी. पायावर पाणी मात्र ती घालायचीच. मी नको म्हटलं तरी घालायची. मला वाटे, सवयीनं घालते.

दोन-तीन महिन्यांनी एकदा ती म्हणाली, ‘तुमचं ते वेगळं काय न्हाय का आता?’ मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, ‘नाही, आता चांगलीचांगलीच येतात.’ तिनं तांब्या खाली ठेवला. ‘नवंच पायजे असं काय न्हाय की, अक्का. मागलंच एखादं आणलं तरी चालतंय.’ मी म्हटलं, ‘मागलं कशाला? इतकी नवीन आली आहेत.’ आणि तिच्या हातात नवीन पुस्तक ठेवून निघाले. असं ती आणखीही एक-दोनदा म्हणाली. मी शहाणी, दर वेळी नवीनच देत राहिले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. दौंड. मी शेवटची पुस्तकं परत घ्यायला गेले तेव्हा दारात ट्रंका, वळकट्या आणि साहेबांची काळी पेटी एकावर एक रचलेली होती. साहेब टांगा बघायला गेले होते. भांडी बांधून झालेली, तांब्यासुद्धा आत गेलेला. तिनं हातानं माठातलं उरलेलं पाणी घेतलं आणि ओंजळीनंच माझ्या पायांवर घातलं. मग पुस्तकं दिली. मी पिशवीत टाकली आणि आता काय बोलायचं म्हणून उगाच पिशवीचे बंद ओढत उभी राहिले.

‘अक्का,’ ती म्हणाली, ‘ते दोन मास्तरणींचं पुस्तक आता कुणाकडं हाय?’

मी पिशवी खाली ठेवली. ‘कुणाकडं नाही. कपाटात आहे. पण तुम्ही कुठं वाचलंत ते?’

‘न्हाय कसं? समदं वाचलं की. पापडापत्तोर.’

‘खूण नव्हती, वहिनी. अकराव्या पानावर काहीच नव्हतं.’

‘खूण कशाला करू?’ ती म्हणाली. ‘खूण केली तर तुमी परत आणत न्हाय. म्हणून मुद्दाम तसंच दिलं. म्हटलं, अक्का पान बघतील आणि पुढल्या मंगळवारी परत घिऊन येतील. त्या दिवशी हे घरात होते, बोलायला आलं न्हाय. मग लई वाट बघितली.’

ह्या बाईनं मला वर्षभरापूर्वी उत्तर दिलं होतं, तिला येईल त्या रीतीनं, मलाच कळेल अशा जागी. मी ते उन्हात उभी राहून वाचलं होतं आणि उलटं वाचलं होतं. किती मंगळवार वाया गेले होते ते. मला तिचा हात धरायचा होता, पण बाहेर टांग्याचा आवाज आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पुस्तकवालीच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

‘उद्या आणते,’ मी म्हटलं.

ती हसली. डोळे भरले होते, पण हसली. ‘उद्या आमी हितं न्हाय की, अक्का.’

साहेब आत आले, मला नमस्कार केला, बायकोला तुमच्या पुस्तकांचा फार आधार होता असं म्हणाले. भला माणूस होता. मी ट्रंकेचं एक टोक धरून टांग्यापर्यंत गेले. टांगा वळेपर्यंत ती माझ्याकडं बघत होती आणि मीही बघत होते. त्यात लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ते पुस्तक कपाटातून काढून पिशवीच्या तळाला ठेवलं आणि मग ते तिथंच राहिलं. काकांनी एकदोनदा विचारलं, मी म्हटलं, फिरतंय. खोटं नव्हतं. दर मंगळवारी ते माझ्याबरोबर रेल्वे क्वार्टर्सना जाऊन परत येत होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला अकरा नंबरात नवी मंडळी आली. तीही गार्डाचीच. बाई हौशी आणि बोलकी होती. पहिल्याच दिवशी तिनं माझी पिशवी फरशीवर उलटी केली आणि एकेक पुस्तक उघडून बघायला लागली. तळाचं ते तिच्या हाताला लागलं. अकरावं पान कोरं होतं, तसंच होतं. चाळता चाळता केस विंचरण्याच्या पानापाशी ती थांबली, आणि तिला ते आवडलेलं मला दिसलं.

‘हे द्या,’ ती म्हणाली. ‘ह्यात कुणाची खूणबीण नाही. नवीनच दिसतंय.’

मी ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. ‘हे नको, वहिनी,’ मी म्हटलं. ‘एकीचं अजून परत वाचायचं राहिलंय.’